लिम्फोसाइट ४३ टक्के आणि शेजारी लाल ‘एच’: पांढऱ्या पेशींच्या मर्यादा कोण ठरवते?

अजिंक्यतारा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत शिकवते, वय ४६. मला किंवा यजमानांना (वय ५१) सध्या कसलाही त्रास नाही. ताप नाही, वजन घटलेले नाही, कोणतेही औषध चालू नाही. केवळ वार्षिक तपासणी म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही दोघांनी सीबीसी (रक्तातील पेशींची मोजणी) करून घेतली आणि अहवाल हातात आल्यापासून घरात त्याचीच चर्चा आहे.

माझ्या अहवालात एकूण पांढऱ्या पेशी ४,८०० आहेत. त्यांपैकी न्यूट्रोफिल ४४ टक्के, लिम्फोसाइट ४३, मोनोसाइट ५, इओसिनोफिल ७ आणि बेसोफिल १ टक्का. लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल हे दोन आकडे लाल शाईत छापले असून त्यांच्यापुढे ‘एच’ (‘हाय’, म्हणजे जास्त) आहे, कारण या लॅबने त्यांच्या मर्यादा अनुक्रमे २० ते ४० आणि १ ते ६ अशा दिल्या आहेत. मात्र गेल्या वर्षी दुसऱ्या लॅबमध्ये माझे लिम्फोसाइट ४२ टक्के होते आणि ते साध्या काळ्या शाईतच होते, कारण तेथे मर्यादा २० ते ४५ अशी होती. यजमानांच्या बाबतीतही तेच झाले. त्यांच्या एकूण पेशी १०,६०० आहेत. या लॅबची वरची मर्यादा १०,०००, म्हणून आकडा लाल. आधीच्या लॅबची ११,००० होती, म्हणजे तेथे ते निरोगी ठरले असते.

माणूस तोच, रक्त तेच. मग लॅब बदलली की तो आजारी कसा ठरतो? प्रतिकारशक्तीच्या या पेशी निरोगी प्रौढांत खरोखर किती असतात आणि हे आकडे ठरवते कोण? आणखी एक गोष्ट. लॅबच्या काउंटरवर आम्हाला ‘इम्युनिटी प्रोफाइल’ नावाची महागडी तपासणी सुचवण्यात आली असून त्यात सीडी४, सीडी८ वगैरे मोजतात म्हणे. ती करावी का?

निवृत्त सूक्ष्मदर्शी

ताई, मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ काम केले आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही आणि मी ते करणारही नाही, परंतु आपल्या अहवालातील आकडे कसे वाचावेत हे निश्चित सांगू शकतो.

सर्वप्रथम टक्केवारी बाजूला ठेवा. टक्केवारी हा वाटा आहे, संख्या नव्हे. घरात चार माणसे असताना एकजण गावाला गेला, तर उरलेल्या प्रत्येकाचा वाटा वाढतो; माणसे मात्र वाढत नाहीत. आपल्या बाबतीत नेमके हेच झालेले दिसते. एकूण ४,८०० पेशींच्या ४३ टक्के म्हणजे २,०६४ लिम्फोसाइट. निरोगी प्रौढांत ही संख्या साधारणपणे १,००० ते ३,००० असते, म्हणजे आपण बरोबर मध्यावर आहात. ७ टक्के इओसिनोफिल म्हणजे ३३६, आणि ५०० पर्यंतची संख्या सामान्य मानतात. न्यूट्रोफिल २,११२ येतात. ते २,००० ते ७,००० या पट्ट्याच्या खालच्या कडेशी असले तरी आतच आहेत. न्यूट्रोफिल थोडे कमी असल्यामुळेच बाकीच्यांचे वाटे फुगलेले दिसत आहेत. मोनोसाइट २०० ते १,००० असतात, आपले २४० आहेत. बेसोफिल १०० पर्यंत असतात, आपले ४८. थोडक्यात, लाल शाईतील आपल्या दोन्ही आकड्यांची प्रत्यक्ष संख्या मर्यादेतच आहे. हे सर्व आकडे रक्ताच्या एका घन मिलिमीटरमधील आहेत; काही अहवालांत त्यालाच मायक्रोलिटर म्हणतात आणि माप तेच असते. अहवालात ‘अॅब्सोल्यूट काउंट’ असा रकाना असल्यास तोच आधी पाहावा. नसल्यास गुणाकार घरी करता येतो, आणि आपण तर शिक्षिकाच आहात.

आता मूळ प्रश्नाविषयी. रक्तातील पेशी मोजणे म्हणजे प्रतिकारशक्ती मोजणे, ही समजूतच मला अपुरी वाटते. शरीरातील एकूण लिम्फोसाइटांपैकी जेमतेम दोन टक्के कोणत्याही क्षणी रक्तात असतात. उरलेल्या पेशी लसीका ग्रंथी, प्लीहा, अस्थिमज्जा आणि आतड्याच्या अस्तरात असतात. न्यूट्रोफिलांचे तर याहून विलक्षण आहे. रक्तवाहिन्यांत असलेल्या न्यूट्रोफिलांपैकी सुमारे निम्मे प्रवाहात न वाहता वाहिन्यांच्या भिंतींना टेकून असतात आणि सुईतून येणाऱ्या नमुन्यात ते येतच नाहीत. धावपळ केली, जिना चढला, घाबरले किंवा स्टेरॉइडची गोळी घेतली, की यांतील बरेचसे प्रवाहात उतरतात आणि एकही नवी पेशी तयार न होता आकडा वाढतो. स्टेरॉइडमुळे त्याच वेळी इओसिनोफिल आणि लिम्फोसाइट मात्र घटतात. गर्भवती स्त्रियांमध्ये न्यूट्रोफिल वाढलेले असणे स्वाभाविक असल्याने त्यांच्यासाठी वेगळी मर्यादा वापरावी लागते. लहान मुलांची गोष्ट आणखी निराळी. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत त्यांच्यात लिम्फोसाइटच अधिक असतात, आणि प्रौढांची मर्यादा छापलेला अहवाल पाहून घाबरलेले कित्येक आईवडील माझ्याकडे येऊन गेलेले आहेत.

शेकडेवारी

मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही, संख्याशास्त्र शिकवतो. ‘ठरवते कोण’ हा प्रश्न माझ्या विषयाचा असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पूर्वी या आकड्यांना सरळ ‘नॉर्मल व्हॅल्यू’ म्हणत. तो शब्द फसवा आहे, हे ओळखून ग्रेसबेक आणि सारिस या फिनलंडमधील संशोधकांनी १९६९ मध्ये ‘संदर्भ मूल्ये’ ही कल्पना मांडली. तिच्या मुळाशी असलेली पद्धत सोपी आहे. निरोगी असल्याची खात्री केलेली माणसे निवडायची, त्यांचे रक्त ठरावीक रीतीने घ्यायचे, येणारे आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि तळाचे अडीच टक्के व वरचे अडीच टक्के सोडून मधले ९५ टक्के ज्या दोन आकड्यांत बसतात त्यांना मर्यादा म्हणायचे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पद्धतीनुसार त्यासाठी किमान १२० माणसे लागतात, आणि स्त्री-पुरुष किंवा वयोगट यांच्यासाठी वेगळी मर्यादा हवी असेल तर प्रत्येक गटात तितकी लागतात.

यातून निघणारा अर्थ ध्यानात घ्यावा. जे पाच टक्के आपण वगळले, ती माणसेही निरोगीच होती. म्हणजे वीस निरोगी माणसांपैकी एकाचा आकडा मर्यादेबाहेर जाणे हा अपघात नसून व्याख्येचाच भाग आहे. एका अहवालात परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या असत्या, तर पूर्ण निरोगी माणसाच्या सर्वच्या सर्व तपासण्या मर्यादेत येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के इतकीच राहिली असती. प्रत्यक्षात सीबीसीतील आकडे एकमेकांशी बांधलेले असतात, त्यामुळे गणित इतके सरळ नाही. परंतु एकही लाल आकडा नसलेला लांबलचक अहवाल ही तशी दुर्मीळच गोष्ट आहे.

दुसरा मुद्दा आपल्या ७ टक्क्यांचा. ही टक्केवारी काचपट्टीवर शंभर पेशी डोळ्यांनी मोजून काढली असेल आणि त्यांत सात इओसिनोफिल सापडले असतील, तर त्या माणसाच्या रक्तातील खरे प्रमाण सुमारे ३ पासून १४ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. शंभरच पेशी मोजल्या तर एवढी अनिश्चितता राहणारच. त्यात मोजणाऱ्याची चूक नसते. अशा वेळी ६ आणि ७ यांतील फरकावरून लाल शाई वापरणे मला तरी हास्यास्पद वाटते.

आणि मर्यादा कोणाच्या रक्तावरून काढली, यालाही फार महत्त्व आहे. आफ्रिकी आणि पश्चिम आशियाई वंशाच्या अनेक पूर्ण निरोगी माणसांत न्यूट्रोफिल १,५०० च्या खाली असतात, आणि युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेल्या मर्यादा लावल्यामुळे त्यांच्यावर वर्षानुवर्षे विनाकारण तपासण्यांचा भडिमार झाला. तांबड्या पेशींवर डफी नावाचा प्रतिजन (पेशीच्या पृष्ठभागावरील एक खूण) नसणे, या आनुवंशिक गुणाशी हा कमी आकडा निगडित आहे. गंमत अशी की हाच गुण व्हायवॅक्स प्रकारच्या हिवतापापासून संरक्षण देतो. ज्याला दोष म्हणून लाल शाई लागली, त्याच्या मुळाशी एक ढालच निघाली.

जांभळी नळी

मी एका तालुक्याच्या गावी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. वरील दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला, पण १२० निरोगी माणसे गोळा करून स्वतःच्या मर्यादा काढणारी छोटी लॅब माझ्या तरी पाहण्यात नाही. प्रत्यक्षात घडते ते असे. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेतील किंवा एखाद्या पाठ्यपुस्तकातील मर्यादा संगणकात एकदा भरल्या जातात आणि पुढे यंत्र बदलले तरी त्या तशाच राहतात. एका लॅबने एक पुस्तक धरले आणि दुसरीने दुसरे, की १०,००० आणि ११,००० असा फरक पडतो. ताईंच्या दोन अहवालांतील फरकाचे कारण बहुधा एवढेच असावे. दुसऱ्याच्या मर्यादा वापरण्यात गैर काही नाही, मात्र आपल्या भागातील काही निरोगी लोकांचे नमुने चालवून त्या लागू पडतात का हे पाहायचे असते. तेवढे कष्ट सगळेच घेतात असे म्हणवत नाही.

यंत्राचाही प्रकार पाहावा. लहान लॅबमध्ये बहुतेक वेळा ‘थ्री पार्ट’ यंत्र असते. ते पेशींची विभागणी आकारावरून तीनच गटांत करते आणि मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल यांना ‘मिड’ या एकाच टोपलीत टाकते. अशा लॅबच्या अहवालात इओसिनोफिलचा वेगळा आकडा असेल, तर तो काचपट्टी पाहून मोजलेला असायला हवा. ‘फाइव्ह पार्ट’ यंत्र हजारो पेशी मोजते, त्यामुळे शंभर पेशींच्या मोजणीत जी अनिश्चितता राहते ती येथे बरीच कमी होते. परंतु विचित्र पेशी दिसल्या की तेही इशारा देऊन थांबते आणि शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली डोळाच लावावा लागतो.

ताई, यजमानांविषयी दोन गोष्टी विचारतो, राग नसावा. नमुना देण्यापूर्वी ते घाईघाईने चालत किंवा जिना चढून आले होते का? आणि ते विडी-सिगारेट ओढतात का? सकाळी लवकर येणारे लोक धापा टाकत खुर्चीत बसतात आणि आम्हीही गर्दीमुळे लगेच सुई टोचतो. खरे तर दहा-पंधरा मिनिटे शांत बसवायला हवे.

वैनगंगा

लाल आकड्याकडे दुर्लक्ष करावे, असा अर्थ कोणी काढू नये म्हणून माझा अनुभव सांगतो. सहा वर्षांपूर्वी मला रात्री दोन-तीनच्या सुमारास कोरड्या खोकल्याची उबळ येऊन झोपमोड होत असे. एका दवाखान्यात काही महिने दम्याचे उपचार झाले, तात्पुरता आराम पडला. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी साधी सीबीसी करायला लावली. एकूण पेशी १४,००० आणि इओसिनोफिल ३८ टक्के, म्हणजे ५,३२० आले. आमच्याकडे, विदर्भाच्या या पट्ट्यात, हत्तीरोग जुनाच आहे. त्याच्या सूक्ष्म जंतांविरुद्ध फुप्फुसात उमटणारी ही तीव्र प्रतिक्रिया आहे, असे त्यांनी सांगितले. डायइथिलकार्बामाझिनच्या गोळ्या तीन आठवडे घेतल्यावर खोकला गेला आणि दोन महिन्यांनी इओसिनोफिल ६०० वर आले.

निवृत्त सूक्ष्मदर्शी

वैनगंगा यांचे उदाहरण उत्तम आहे. या विकाराला ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव वाइनगार्टन यांनी १९४३ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखात दिले, हत्तीरोगाच्या जंतांशी असलेला त्याचा संबंध नंतर स्पष्ट झाला. त्यात इओसिनोफिल बहुधा ३,००० च्या वर असतात. आपल्या देशात जंत, दमा, त्वचेची अॅलर्जी यांमुळे ५०० ते १,००० या दरम्यानचे आकडे नित्य दिसतात आणि त्यांतील बहुतेकांना जंतांचे औषध किंवा अॅलर्जीचा विचार पुरतो. १,५०० च्या वरचा आकडा पुन्हा तपासल्यावरही टिकला, तर मात्र हृदय, फुप्फुस, त्वचा यांना इजा होत नाही ना हे पाहावेच लागते.

आता ‘इम्युनिटी प्रोफाइल’विषयी. सूक्ष्मदर्शकाखाली सर्व लिम्फोसाइट जवळपास सारख्याच दिसतात: गोल गडद केंद्रक आणि भोवती निळसर कड. त्यांच्यातील टी, बी आणि एनके हे भेद पृष्ठभागावरील खुणांवरून ओळखावे लागतात. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच प्रकारची प्रतिपिंडे (ठरावीक खुणेलाच चिकटणारी प्रथिने) हवी तितकी तयार करण्याची युक्ती शोधल्यावर या खुणा शोधणे सोपे झाले, आणि १९८२ मध्ये पॅरिस येथील परिषदेपासून त्यांना ‘सीडी’ क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली. चमकणाऱ्या रंगाची प्रतिपिंडे चिकटवून पेशी एकेक करून लेझरसमोरून नेणाऱ्या यंत्रावर, म्हणजे फ्लो सायटोमीटरवर, ही मोजणी होते.

निरोगी प्रौढांत सीडी४ टी पेशी साधारणपणे ५०० ते १,५०० असतात. सीडी८ टी पेशी त्यांच्याहून कमी, बहुतांश लोकांत २०० ते ९०० च्या आसपास. म्हणून दोहोंचे गुणोत्तर सहसा एकाहून जास्त येते. बी पेशी १०० ते ५०० आणि एनके पेशी सुमारे १०० ते ६०० असतात. हे पट्टे किती रुंद आहेत ते पाहा: दोन निरोगी माणसांत तिप्पट फरक असला तरी दोघेही निरोगीच. स्त्रियांमध्ये सीडी४ सरासरीने थोडे जास्त आढळतात. शिवाय एकाच माणसात सकाळी कमी आणि रात्री अधिक, असा दिवसभराचा चढउतार असतो, कारण कॉर्टिसॉल हे संप्रेरक सकाळी चढते आणि लिम्फोसाइटांना रक्तातून ऊतींकडे वळवते. म्हणून ही तपासणी पुन्हा करायची झाल्यास त्याच वेळी आणि त्याच लॅबमध्ये करावी, असा दंडक आहे.

ही तपासणी उपयोगी नाही असे नव्हे. एचआयव्हीबाधित व्यक्ती, अवयवरोपण झालेले रुग्ण, जन्मजात प्रतिकारदोष असलेली मुले यांच्यासाठी ती मोलाची आहे. सीडी४ २०० च्या खाली जाणे, हा अमेरिकेतील १९९३ च्या सुधारित व्याख्येपासून एड्सच्या निदानाचा एक निकष आहे. भारतात २०१७ पासून एचआयव्हीचे औषध सीडी४ च्या आकड्यासाठी न थांबता सर्व बाधितांना सुरू केले जाते, तरीही संधिसाधू आजारांचा धोका जोखण्यासाठी तो आकडा पाहिला जातो. परंतु ज्यांना वारंवार किंवा विचित्र संसर्ग होत नाहीत आणि ज्यांचे लिम्फोसाइट २,०६४ आहेत, अशा व्यक्तीने ती कशासाठी करावी? माझे स्पष्ट मत आहे की पैसे वाचवावेत.

अजिंक्यतारा

सर्वांची मी मनापासून आभारी आहे. ‘जांभळी नळी’ यांनी विचारले म्हणून सांगते: यजमान बावीस वर्षांपासून सिगारेट ओढतात, दिवसाला आठ-दहा. लॅब तिसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. प्रश्न लिहिताना या दोन्ही गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या नव्हत्या. त्यांचे न्यूट्रोफिल ६६ टक्के, म्हणजे सुमारे ७,००० येतात.

माझे जुने अहवालही कपाटातून काढले. चार वर्षांत एकूण पेशी ४,६००, ५,१००, ४,९०० आणि आता ४,८००. लिम्फोसाइट ४१, ४४, ४२ आणि ४३ टक्के. गुणाकार केले तर ते १,८८६ पासून २,२४४ पर्यंतच फिरतात.

शेकडेवारी

हे चार आकडे कोणत्याही छापील मर्यादेपेक्षा अधिक बोलके आहेत. एकाच निरोगी माणसाच्या एकूण पांढऱ्या पेशी दिवसागणिक सुमारे ११ टक्क्यांनी खाली-वर होत असतात. त्यात यंत्राची चूक मिळवली, तर दोन अहवालांत साधारण ३० टक्क्यांहून अधिक फरक पडल्याशिवाय खरोखर काही बदलले असे म्हणता येत नाही. आपला सर्वाधिक फरक त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. उलट, एखाद्याची नेहमीची संख्या ४,८०० असेल आणि ती अचानक ९,५०० झाली, तर ती दोन्ही लॅबच्या मर्यादेत काळ्या शाईतच छापली जाईल आणि तरीही डॉक्टरांनी कारण विचारावे इतका तो बदल मोठा असेल.

निवृत्त सूक्ष्मदर्शी

यजमानांच्या आकड्याचा उलगडा धूम्रपानाने बहुधा होतो. नियमित सिगारेट ओढणाऱ्यांच्या एकूण पांढऱ्या पेशी, विशेषतः न्यूट्रोफिल, न ओढणाऱ्यांपेक्षा ठळकपणे जास्त असतात आणि सवय सुटल्यावर हळूहळू उतरतात. तीन मजल्यांच्या जिन्याने त्यात भर घातली असणार. श्वासनलिकेतील सततचा दाह रक्तात असा उमटतो. त्यामुळे त्यांचा आकडा ११,००० च्या मर्यादेत बसतो म्हणून मी त्यांना निर्धास्त राहा असे सांगणार नाही. महिन्याभराने शांत बसून पुन्हा सीबीसी करावी, आणि दोघांचे अहवाल एकदा नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावेत. लिम्फोसाइट ५,००० च्या वर जाऊन तीन महिने तेथेच राहणे, न्यूट्रोफिल १,५०० च्या खाली उतरणे (५०० च्या खाली गेले आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे), किंवा काचपट्टीच्या शेऱ्यात ‘ब्लास्ट’ (अपरिपक्व पेशी) हा शब्द असणे, यांपैकी काहीही दिसल्यास मात्र मंचावर विचारत बसू नये.

जांभळी नळी

पुढच्या वेळी नमुना देताना जुना अहवाल सोबत न्या आणि ‘आधीचे आकडे शेजारी छापा’ असे सांगा. बहुतेक संगणकांत ती सोय असते, पण कोणी मागत नाही म्हणून ती बंद ठेवलेली असते. आणि लिफ्ट बंदच असेल तर यजमानांना पंधरा मिनिटे बाकावर बसवून मगच आत पाठवा.